स्पर्धेचे बारसे कोणी करायचे?

हैदराबादच्या पूर्वेला उप्पलमध्ये क्रिकेटचे जे मैदान आहे, त्याचे अधिकृत नाव राजीव गांधी आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियम. मैदानाची आखणी झाली तेव्हा मात्र नाव दुसरेच ठरले होते. हैदराबाद क्रिकेट असोसिएशनने नावाच्या हक्कांसाठी बोली मागवली. सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या विसाका इंडस्ट्रीजने सुमारे साडेसहा कोटींची सर्वांत मोठी बोली लावली आणि त्यातले चार कोटींहून अधिक भरलेही. मग २००४ मध्ये राज्यात सरकार बदलले, करार मोडला आणि मैदानाला माजी पंतप्रधानांचे नाव मिळाले. कंपनी लवादाकडे गेली. असोसिएशनने तिला सुमारे २६ कोटी रुपये द्यावेत, असा निवाडा २०१६ मध्ये झाला. जे नाव आज त्या मैदानावर कुठेच दिसत नाही, त्याची किंमत मूळ बोलीच्या चौपट झाली. गंमत अशी की सामन्याला जाणारा हैदराबादी माणूस विसाकालाही जात नव्हता आणि राजीव गांधींनाही जात नाही. तो ‘उप्पल’ला जातो.

प्रायोजित स्पर्धेला प्रायोजकाचे नाव द्यावे का, हा वाद निघाला की आपल्याकडे दोनच पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, पैसा ज्याचा त्याचे नाव. त्यात रडण्यासारखे काय? दुसऱ्याला खेळ ही पवित्र गोष्ट वाटते आणि तिच्यावर सिमेंटचे, शीतपेयाचे किंवा मोबाइलचे नाव पडले की त्याला विटाळ होतो. उप्पलची हकीकत दोघांनाही अडचणीची आहे. पैसे मोजणाऱ्याला नाव मिळाले नाही. आणि ते पुसून आले ते नाव गुलाम अहमद किंवा एम. एल. जयसिंहा यांच्यासारख्या हैदराबादी क्रिकेटपटूचे नव्हते, राजकारणातल्या माणसाचे होते. म्हणजे बाजार हटला म्हणून खेळ जिंकला, असेही झाले नाही. मला वाटते, प्रश्न विचारण्याची पद्धतच बदलायला हवी. प्रायोजकाचे नाव लावावे की लावू नये याच्या आधी, त्या स्पर्धेला स्वतःचे नाव आहे का, हे पाहावे. असेल, तर प्रायोजकाने खुशाल त्याच्या पुढे आपले नाव जोडावे. नसेल, तर नावाची ती मोकळी जागा भाड्याने देण्याचा अधिकार संयोजकांना नसावा.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो आणि तो वजनदार आहे. हैदराबादमध्येच १९३०-३१ च्या हंगामात मोईन-उद्-दौला सुवर्णचषक सुरू झाला. नवाब मोईन-उद्-दौला हे पायगा घराण्यातले, निजामाच्या दरबारातले बडे अमीर. रणजी करंडक तेव्हा जन्मालाही आला नव्हता. विजयनगरमचे महाराजकुमार आपला संघ घेऊन या चषकासाठी उतरले, पुढे वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइनही इथे खेळून गेला, आणि बराच काळ या स्पर्धेला प्रथम श्रेणीचा दर्जा होता. आता कोणी विचारेल, हा नवाब म्हणजे प्रायोजकच नव्हे काय? पैसे दिले, नाव लावून घेतले. नव्वद वर्षांपूर्वीच्या अमीराला एक न्याय आणि आजच्या कंपनीला दुसरा, असे का?

नवाबाने हे निव्वळ खेळावरच्या प्रेमापोटी केले, असे मी म्हणणार नाही. दरबारी प्रतिष्ठा, इतर संस्थानिकांशी चढाओढ, पाहुण्या इंग्रजांवर छाप पाडणे, हे सगळे त्या काळच्या क्रिकेटमध्ये होतेच. तरी फरक उरतो. चषक एकदा दिला की दिला. त्याला मुदत नव्हती, नूतनीकरणाची अट नव्हती, आणि पुढच्या हंगामात जास्त बोली लावणारा दुसरा अमीर आला म्हणून चषकाचे नाव बदलणार नव्हते. रणजी करंडकाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. करंडक दिला पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांनी, पण नाव दिले नुकत्याच वारलेल्या रणजितसिंहांचे. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे त्या काळीही सुचले होते. पुढे क्रिकेट मंडळाने देवधर करंडकाला पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांचे नाव दिले, तेही खेळाडूचेच.

मुंबईची टाइम्स शील्ड हे मात्र चोख व्यापारी उदाहरण. वृत्तपत्राने १९३० च्या सुमारास कार्यालयीन संघांसाठी सुरू केलेल्या या स्पर्धेत जाहिरातीचा हेतू नव्हता असे कोण म्हणेल? तरी ते नाव कोणाला खटकत नाही, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. बँका, गिरण्या, रेल्वे, टाटा, निर्लॉन, मफतलाल अशा संघांतून खेळणाऱ्यांना नोकऱ्या मिळाल्या आणि त्या नोकऱ्यांवर मुंबईचे क्रिकेट पोसले गेले. हैदराबादमध्ये स्टेट बँकेच्या संघाने हेच केले. कंपनीचे नाव म्हणून तक्रार करायची, तर या संघांबद्दलही करावी लागेल. ती कोणी करत नाही. नाव व्यापारी आहे की नाही यापेक्षा ते किती काळ मुक्काम करते आणि त्या मुक्कामात काय देते, हे लोक पाहतात.

मुक्काम थोडा आणि माल वाईट असेल तर काय होते, याचेही उदाहरण हैदराबादचेच आहे. वझीर सुलतान टोबॅको या इथल्या कंपनीची चारमिनार सिगारेट एकेकाळी देशभर फुंकली जाई. शहराच्या सर्वांत मोठ्या खुणेचे नाव आधी सिगारेटच्या पाकिटावर गेले आणि तिथून क्रिकेटवर आले: १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातली एकदिवसीय मालिका ‘चारमिनार चॅलेंज’ म्हणून खेळवली गेली. मालिकेचे नाव ऐकून कोणाला मक्का मशिदीशेजारची चार मनोऱ्यांची इमारत आठवावी, असा हेतू अर्थातच नव्हता. तंबाखूचा हा हात आपल्या क्रिकेटवर बराच काळ होता. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा सत्तरच्या दशकात विल्स करंडक या नावाने सुरू झाली, आणि १९९६ मध्ये तर जागतिक स्पर्धाच विल्स विश्वचषक झाली. पोराटोरांच्या वह्यांवर चिकटलेल्या क्रिकेटपटूंच्या चित्रांत सिगारेटच्या एका ब्रँडचे नाव होते, आणि ते कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते. पुढे २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने अशा प्रायोजनावर बंदी घातली. पण खेळाने स्वतः ‘नको’ म्हटले नव्हते. संसदेला म्हणावे लागले.

तोच धडा अलीकडे पुन्हा गिरवला गेला. २०२० च्या आयपीएलचे नाव ड्रीम११ ने सुमारे २२२ कोटींना घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, आणि ड्रीम११ला तो धंदाही सोडावा लागला आणि भारतीय संघाच्या छातीवरची जागाही. त्या एका हंगामाच्या नोंदीत मात्र तो शब्द कायमचा बसला आहे. पुण्याजवळ गहुंजेचे मैदान ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ म्हणून उघडले; करार दोनशे कोटींच्या घरातला होता. सहाराने पैसे थकवले आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला ती अक्षरे उतरवावी लागली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाला एन्रॉन कोसळल्यावर आपल्याच मैदानाचे नाव २० लाखांहून अधिक डॉलर मोजून परत विकत घ्यावे लागले. पैसा घेताना संयोजक प्रायोजकाचा ताळेबंद तपासत असतीलही. त्याचे पुढच्या दहा वर्षांतले चारित्र्य कोण तपासणार?

आता दुसरा आक्षेप: नावाने बिघडते काय? लोक आपले जुने नावच वापरतात, मग या नसत्या उठाठेवी कशाला? हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खरी गोष्ट आहे. कपिलदेवच्या संघाने १९८३ मध्ये लॉर्ड्सवर उचलला तो अधिकृतपणे प्रुडेन्शियल कप होता. इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचे ते नाव आज भारतात कोणी घेत नाही; आपण ‘त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप’ म्हणतो. त्याच्या पुढची, १९८७ ची स्पर्धा मात्र ‘रिलायन्स कप’ म्हणून अजून बोलण्यात येते. त्या स्पर्धेचा एक सामना हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर झाला होता. झिम्बाब्वेच्या डेव्हिड हॉटनने न्यूझीलंडविरुद्ध १४२ धावा ठोकल्या आणि तरी त्याचा संघ थोडक्यात हरला. इंग्लंडमध्ये १९६३ साली कौंटी संघांची पहिली एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली, तिला जिलेटचे नाव होते. ब्लेडवाली कंपनी १९८० नंतर बाजूला झाली, पण जुने लोक अजून जिलेट कपच म्हणतात. उलट तिथल्या फुटबॉलमधल्या लीग कपने दूध, कोकाकोला, बिअर, बँक आणि आता थायलंडचे एक पेय अशी किती तरी नावे धारण केली, तरी लोकांच्या तोंडी तो लीग कपच राहिला.

रिलायन्स कपचा अपवाद सोडला, तर या उदाहरणांत एक ढोबळ सूत्र दिसते. ज्या स्पर्धेला आधीपासून स्वतःचे नाव होते, तिच्यावरून प्रायोजक पावसाच्या पाण्यासारखा वाहून गेला. ज्या स्पर्धेचा जन्मच प्रायोजकाच्या नावाने झाला, तिथे ते नाव मुरले. म्हणून संयोजकाच्या हातात खरी ताकद सुरुवातीलाच असते. शहराचे, खेळाचे, ऋतूचे, एखाद्या खेळाडूचे, कशाचेही नाव आधी ठेवावे. मग मागून येणाऱ्या कंपनीला तिच्या पैशाचा मोबदला मिळतो: जाहिरातफलक, पडदा, समालोचकाच्या तोंडी दर पाच मिनिटांनी होणारा जप. कंपनी विकत घेते ते त्या काही आठवड्यांचे लक्ष. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीसाठी कोणताही विपणन अधिकारी चेक फाडत नाही. जी गोष्ट ती विकतच घेत नाही, ती आपण तिला फुकट का द्यावी?

पैशाचा आक्षेप सर्वांत जास्त वेळा पुढे येतो आणि सर्वांत कमी वेळा मोजला जातो. म्हणून थोडा हिशेब करू. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. टाटांनी २०२४ ते २०२८ या पाच वर्षांसाठी शीर्षक प्रायोजक म्हणून देऊ केलेली रक्कम २,५०० कोटी. काळ एखादे वर्ष पुढेमागे आहे, पण प्रमाण कळते: स्पर्धेच्या नावातून येतात ते प्रक्षेपणाच्या पैशाचे जेमतेम पाच टक्के. तेवढ्यासाठी आपण डीएलएफ, पेप्सी, व्हिवो, ड्रीम११ आणि टाटा अशी नावे दीड दशकात बदलली. सुरुवातीच्या काळात तर षटकारालाही ‘डीएलएफ मॅक्झिमम’ म्हणायची सक्ती होती आणि भलेभले समालोचक ते निमूटपणे म्हणत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१६ मध्ये बार्कलेज बँकेशी करार संपल्यावर शीर्षक प्रायोजक घेणेच बंद केले. ती लीग भिकेला लागल्याचे ऐकिवात नाही. ज्या स्पर्धेला नाव विकण्याची गरज सर्वांत कमी, तीच आपल्याकडे ते सर्वांत महाग विकते.

लहान स्पर्धांचे गणित वेगळे आहे, आणि इथे मी प्रायोजकाच्या बाजूने उभा आहे. सानिया मिर्झाने फेब्रुवारी २००५ मध्ये आपल्याच गावात, अल्योना बोंदारेंकोला तीन सेटमध्ये हरवून, महिला टेनिसच्या जागतिक मालिकेतले एकेरीचे विजेतेपद मिळवले. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ती हैदराबाद ओपन २००३ ते २००५ अशी तीनच वर्षे चालली. पहिल्या वर्षी तिच्या नावापुढे ‘एपी टुरिझम’ होते. तेव्हा कोणी ‘अमुक बिस्किटे हैदराबाद ओपन’ म्हणवून घेऊन आणखी दहा वर्षे खर्च उचलला असता, तर ते नाव आनंदाने उच्चारायला हवे होते. जी स्पर्धा होतच नाही तिच्या नावाचे पावित्र्य कोणाला हवे आहे? मात्र तेव्हाही ‘हैदराबाद ओपन’ हे दोन शब्द मागे राहिले पाहिजेत, एवढीच अट. संस्थेच्या बाबतीत ही अट आपोआप पाळली गेल्याचे गच्चीबावलीत दिसते. बॅडमिंटन अकादमी उभी राहताना निम्मगड्डा प्रतिष्ठानाने मोठी देणगी दिली आणि नावात स्थान मिळवले; लोक मात्र ‘गोपीचंद अकादमी’ म्हणतात. २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारणाऱ्या पुल्लेला गोपीचंदने प्रायोजकांचा पैसा सरसकट नाकारला नव्हता. कोणाचा नको, हे त्याने ठरवले होते. आपल्या क्रीडासंघटनांकडून अपेक्षा आहे ती एवढ्या विवेकाची.

राजकीय नावांचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही, कारण प्रायोजकांना नाके मुरडणारे पुष्कळदा तिकडे डोळेझाक करतात. हैदराबादची मैदाने पाहा. फतेह मैदान १९६७ मध्ये लालबहादूर स्टेडियम झाले. गच्चीबावलीचे मैदान दिवंगत लोकसभा अध्यक्ष बालयोगींच्या नावाचे, युसुफगुड्याचे बंदिस्त स्टेडियम माजी मुख्यमंत्री कोटला विजयभास्कर रेड्डींच्या नावाचे, आणि उप्पलचे आपण पाहिलेच. त्या उप्पलमध्ये खेळाडूचे नाव एका स्टँडला मिळाले तेही भांडणासकट: २०२५ मध्ये असोसिएशनच्या लोकपालाने मोहम्मद अझरुद्दीनचे नाव काढण्याचा आदेश दिला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ही नावे देताना पैसे मोजले गेले नाहीत म्हणून ती निरपेक्ष ठरत नाहीत. सरकारी तिजोरीतून होणारी ती जाहिरातच आहे, फक्त तिला मुदत नाही. कंपनीचे नाव निदान कराराबरोबर संपते.

आणि कराराबरोबर जबाबदारीही संपते, ही त्या सोयीची दुसरी बाजू. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागराच्या काठावर विजेवर धावणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. तिचे अधिकृत नाव ‘ग्रीनको हैदराबाद ई-प्री’. त्या एका शर्यतीनंतर प्रायोजक बाजूला झाला. पुढच्या हंगामासाठी शहराच्या विकास प्राधिकरणाने, म्हणजे एचएमडीएने, संयोजक कंपनीला सुमारे ५५ कोटी रुपये दिले; सरकार बदलल्यावर जानेवारी २०२४ मध्ये शर्यत रद्द झाली, आणि तो पैसा नियमांना धरून दिला गेला का यावरून वर्षअखेरीस लाचलुचपतविरोधी विभागाने गुन्हा नोंदवला. आरोप झालेल्या तत्कालीन मंत्र्यांनी ते नाकारले आहेत; कोण दोषी ते न्यायालय ठरवील. नावाच्या प्रश्नापुरते एवढेच पाहायचे की शर्यतीवर नाव खासगी कंपनीचे होते, आणि ती गेल्यावर बिल सार्वजनिक संस्थेकडे आले. रस्ता शहराचा, बंदोबस्त पोलिसांचा, बंद पडलेली वाहतूक लोकांची. अशा ठिकाणी नाव हवे असेल तर किती हंगाम थांबणार याची लेखी हमी आणि मध्येच गेल्यास भरपाई, या दोन गोष्टी करारात असायला काय हरकत आहे?

प्रायोजक अशा अटी मान्य करणार नाहीत, असे सांगितले जाते. मान्य करतात. ऑलिंपिकच्या नावाला आजवर कोणी कंपनीचे शेपूट लावू शकलेले नाही, तरी तिथे प्रायोजकांची रांग असते. युरोपातल्या मोठ्या फुटबॉल स्पर्धांच्या वेळी म्युनिकच्या अलियान्झ अरीनावरची विमा कंपनीची अक्षरे झाकली जातात आणि ते ‘म्युनिक फुटबॉल अरीना’ होते. नाव विकत घेतलेली कंपनी ते सहन करते. वर्तमानपत्रांनाही कोणी बांधलेले नाही. ‘टाटा आयपीएल’ ऐवजी ‘आयपीएल’ लिहिल्याने कोणत्याही मराठी दैनिकाची जाहिरात बंद पडलेली नाही. आकडेवारीच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी स्पर्धेचे मूळ नाव मथळ्यात आणि त्या वर्षीचा प्रायोजक तळटीपेत टाकला, तर अभ्यासकांचे कामही सोपे होईल. दर ऑगस्टच्या सुमारास नेकलेस रोडवरून निघून गच्चीबावलीला पोहोचणारी मॅरेथॉन आधी एअरटेलच्या नावाने धावत होती, आता सरकारी खाणकंपनी एनएमडीसीच्या नावाने धावते. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या नावाने सुरू झाली आणि २०१८ पासून टाटांच्या नावाने. दोन्हीकडे पुढचा शब्द बदलला, मागचे दोन तसेच राहिले, आणि धावणाऱ्यांची गर्दी काही कमी झाली नाही.